आमच्या घरचं चूलबंद

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, "आजी, अंग बाहेर येतंय. ऑपरेशन करून घ्या. नंतर दोन-तीन महिने जड काही उचलायचं नाही."

मी विचारलं, "माणूस उचललेलं चालतं का?"

त्या हसल्या. मी काही विनोद केला नव्हता.

अंग बाहेर येणं म्हणजे पिशवी खाली उतरणं, बायकांना ते सांगायला नको. निम्म्या गावाला हे दुखणं असतं. सगळ्याजणी पदराखाली झाकून रानात जातात आणि उसाचा पाला काढतात. मीही बरीच वर्षं तशीच काढली. पण आता चालताना त्रास व्हायला लागला आणि बसलं की उठवेना.

उचलायचं माणूस म्हणजे माझी लेक. तिची चाळिशी उलटली आहे, अंगानं ती माझ्या दीडपट आहे. डॉक्टर तिला गतिमंद म्हणतात, गल्ली भोळी म्हणते, आणि भांडण झालं की येडी म्हणते. तिला 'आय', 'दे', 'नको' असे थोडेच शब्द येतात. चालते, पण न्हाणीत उतरायला घाबरते, म्हणून काखेत हात घालून उतरवावी लागते आणि तशीच वर काढावी लागते. अंघोळ, वेणी, पाळी, सगळं मी करते. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. दुसरं मूलबाळ नाही.

आमचं गाव कोल्हापूरपासून जवळच आहे. सिटी बस येते. घरात एक म्हैस आहे, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालते. ऑपरेशनची बातमी डेअरीवर पोचली तशी म्हशीची सोय लगेच झाली. "म्हस आमच्याकडं बांधा आक्का" म्हणून चार घरांनी सांगितलं. लेक आमच्याकडं ठेवा असं कुणी म्हणालं नाही. मी कुणाला नावं ठेवत नाही. म्हैस दूध देते.

माझ्या दिराचा मुलगा शहराकडं कारखान्यात कामाला आहे, गुणाचा आहे. तो म्हणाला, "काकू, मिरजंकडं एक आश्रम हाय असल्या माणसांचा. मी बघून आलोय. स्वच्छ हाय. टीव्ही हाय."

"टीव्ही हितं बी हाय की."

"तसं न्हवं. आता ऑपरेशनपुरती ठेवूया. पुढचं पुढं."

पुढचं पुढं म्हणजे काय ते त्यालाही कळत होतं आणि मलाही. एकदा तिथं गेली की माझ्या माघारी तिला परत कोण आणणार? आणि माझ्या माघारी म्हणजे काही फार लांबची गोष्ट नाही. मी त्याला म्हटलं, मग ऑपरेशनच नको. तो गाडी काढून गेला. मीही हट्टाला पेटले आणि फडकं बांधून काम करत राहिले.

डॉक्टरीणबाईंनीच असल्या माणसांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला कळवलं आणि तिथली एक मुलगी आमच्या दारात आली. चंदगडकडची होती. खांद्याला पिशवी, पायात प्लास्टिकच्या चपला. मला वाटलं गोळ्या आणल्या असतील, नाहीतर सरकारी पैशाचं काही असेल. तिच्याकडं काहीच नव्हतं.

"मग आलीस कशाला?" मी विचारलं.

"आजी, आधी तुमची गल्ली बघते."

"गल्लीत काय बघायचंय? दोन बाजूला घरं हाईत, मधनं गटार हाय."

ती आठवड्यातनं दोनदा यायची आणि नुसती बसायची. कधी माझ्या कट्ट्यावर, कधी डेअरीच्या पायरीवर, कधी पिठाच्या गिरणीत. कुणाचं कुणाशी पटतं, बायका कुठं जमतात, कुणाच्या दारात कोण चहाला थांबतं, असलं विचारायची. गल्लीला वाटलं हिचं काहीतरी वेगळंच काम आहे. गिरणीवाला एकदा मोठ्यानं म्हणाला, "पावणं, कुणाची पोरगी बघाय आलाईसा? सरळ सांगा की, आमी दाखवतो."

ती म्हणाली, "पोरगी बघायलाच आलेय. आजींची."

गिरणीत सगळी हसली. मला तेव्हा तिचा राग आला होता. माझी लेक बघायला आलेय म्हणते आणि गिरणीत बसते. असल्या कामाचा पगार कोण देतं, असंही माझ्या मनात आलं.

अशातच समोरच्या घरात जावळाचं जेवण निघालं. समोरची बाई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, आवाजानं मात्र सगळ्या गल्लीची थोरली. तिच्या नातवाचं जावळ होतं. ती कुंकवाचा करंडा घेऊन आली, उंबऱ्याला कुंकू लावलं आणि म्हणाली, "आक्का, रविवारी जावाळ हाय. चूलबंद हाय हं."

संस्थेची मुलगी शेजारीच बसली होती. तिनं विचारलं, "चूलबंद म्हणजे?"

समोरचीला हसू आलं. "तुमच्याकडं न्हाय व्हय? आवतान दोन तऱ्हंचं असतंय बघ. लांबच्याला घरटी एक. घरातलं एक माणूस आलं की झालं. जवळच्याला चूलबंद. घरातल्या सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी चूल पेटवायची न्हाय. आक्काच्या घराला आमचं कायम चूलबंद."

"म्हणजे ह्यापण येणार?" मुलीनं माझ्या लेकीकडं बोट केलं. लेक दाराच्या आत बसून पदराच्या टोकाशी खेळत होती.

समोरची म्हणाली, "तिचा डबा असतोय की. पंगत बसायच्या आदी पयला डबा तिचा भरतो मी. मऊ भात, पांढरा रस्सा, मटनाचं मऊ मऊ तुकडं. इचार आक्काला."

मी म्हटलं, "व्हय. कदी चुकली न्हाय."

ते खरंच होतं. तिच्याच काय, गल्लीतल्या कुठल्याही घरी देवीच्या नावानं मटणाची म्हाई असो, बारसं असो, वास्तुशांत असो, लेकीचा डबा यायचा. कुणी विसरलं असं कधी झालं नाही. मला त्याचं फार कौतुक होतं आणि माहेरी गेले की मी ते सांगायची.

मुलगी त्या दिवशी पिशवी उचलून गेली. पुढच्या खेपेला आली ती गल्लीतली घरं फिरून आली होती. माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"आजी, तुमच्या लेकीबद्दल मी घराघरात विचारलं. सगळ्यांना पाठ आहे. तिखट चालत नाही, पांढरा रस्सा आवडतो, बुंदी आवडते, वांगं नको. एवढं तर माझ्या घरच्यांना माझ्याबद्दल ठाऊक नाही."

"मग?"

"मग मी विचारलं, ती हसते कशी? कुणालाच सांगता आलं नाही. घाबरली की काय करते? तेही नाही. समोरच्या काकूंना विचारलं, वीसभर वर्षं समोर राहता, तिला लघवीला लागली ते कसं ओळखायचं? त्या म्हणाल्या, आक्काला ठाऊक. सगळी म्हणतात, आक्काला ठाऊक."

मी म्हटलं, "मला ठाव हाय म्हणूनच की."

"ती गल्लीतल्या कुठल्या पंगतीला शेवटची बसली होती?"

मला आठवेना. फ्रॉकात असताना कुणाच्या तरी लग्नात बसली होती. बँड वाजला, तिनं कान धरून किंकाळ्या फोडल्या, मी तिला उचलून घरी आणली. त्या दिवशी कुणीतरी मागोमाग डबा आणून दिला. चांगल्या मनानंच दिला. मग तीच रीत पडली. घरोघरी चुली बंद व्हायच्या, माणसं नटून मांडवात जायची, आणि ही बंद चुलीसमोर एकटी बसून जेवायची. मी घाईनं दोन घास खाऊन पळत यायची. इतक्या वर्षांत त्यात काही चुकतंय असं ना मला वाटलं, ना गल्लीला. डबा भरून जात होता, सगळ्यांना बरं वाटत होतं.

मुलीनं आणखी काही शिकवलं नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही दवाखान्यात असाल तेव्हा डबा येईलच."

पुढचं मला कळलं. अंघोळ डब्यात घालून पाठवता येत नाही.

रविवारला चार-पाच दिवस होते. मी रस्ता ओलांडून समोर गेले आणि सांगितलं, "ह्या येळंला डबा नको. ती जेवाय येणार."

समोरचीच्या हातात सूप होतं, ते तिनं खाली ठेवलं. "का? माझ्या डब्यात काय कमी पडलं?"

"कमी काय न्हाय."

"मग? त्या पावण्या पोरीनं भरवलं व्हय तुझ्या डोस्क्यात?"

"भरवलं तर भरवलं. चूलबंद म्हणालीस न्हवं तू?"

"आक्का, सुनंच्या माहेरचं येणार हाईत कुरुंदवाडासनं. पयल्यांदाच एवढी माणसं येणार. ही वराडली-बिराडली तर?"

आता खरं बाहेर आलं. मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, कदाचित जास्त वाईट म्हटलं असतं. पण तोंड माझंही गप्प बसणारं नाही.

"मग चूलबंद म्हणू नगंस. घरटी एक म्हण. मी एकटी यीन, जेवीन, जाईन."

समोरच्या घराला घरटी एक सांगायचं म्हणजे भांडणच. सगळ्या गल्लीनं विचारलं असतं की ह्यांच्यात काय बिनसलं. ती लाल झाली. "तुला काय बोलायचं ते बोल, मी तुला घरटी एक सांगनार न्हाय! माझं हात न्हाय उचलायचं तसलं कुंकू तुझ्या उंबऱ्याला लावाय!"

"मग आमी दोगी यिणार."

"या की मग! डोस्क्यावर बसा माझ्या!"

गल्लीनं दारं उघडून ऐकलं. शनिवारपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. पण निरोप बदलला नाही, हे मी तिच्या बाजूनं सांगते. चिडली, तरी चूलबंद ते चूलबंदच ठेवलं.

संस्थेची मुलगी म्हणाली, एकदम पंगतीत नेऊ नका, आदल्या दिवशी काय असतं? मी सांगितलं, लसूण सोलायला बायका जमतात. चूलबंद घरच्या बायांनी कामाला जायचंच असतं, नुसतं जेवायला जाणारी बाई आमच्याकडं बोलणी खाते. शनिवारी दुपारी मी लेकीचा हात धरून समोरच्या सोप्यात नेली. आठ-दहा बायका होत्या. सगळ्यांचं लक्ष तिच्याकडं. मी तिला भिंतीला टेकवून बसवली आणि पुढ्यात लसणाच्या कुड्या टाकल्या.

तिला लसूण सोलता येत नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं. तिनं कुड्या चेंगरल्या, एक पाकळी चावली, तोंड वाकडं केलं, थुंकली. मग सालींच्या ढिगात फुंकर मारली. साली उडून एका म्हातारीच्या डोक्यावर बसल्या. लेक हसली. ती हसते तेव्हा आवाज येत नाही, खांदे उडतात आणि डोळे पार मिटतात. बायका बघत राहिल्या.

म्हातारी म्हणाली, "आगं, ही हसती व्हय!" आणि मूठभर साली घेऊन तिच्या अंगावर टाकल्या. लेकीनं परत फुंकर मारली. तासभर हेच चाललं. लसूण सोलायचं काम निम्म्यावर आलं. समोरची चुलीपासून ओरडली, "खेळाय आलाय का कामाला?" आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसली.

रविवारी स्पीकर होता. मुलीनं आधीच समोरच्या घरच्या मुलाला गाठून तो मांडवाच्या दुसऱ्या टोकाला तोंड करून लावायला सांगितलं होतं. ते मला सुचलं नसतं. मी नुसती देवाला हात जोडत बसले असते. बायकांच्या पंगतीत लेकीला कडेला बसवली, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सुनेच्या माहेरची आजी. धिप्पाड बाई, गळ्यात बोरमाळ, तोंडात मोजके दात. जेवण सुरू झालं. लेकीनं आपल्या ताटातले तुकडे संपवले आणि हात लांब करून कुरुंदवाडच्या पाहुणीच्या ताटातला सगळ्यात मोठा तुकडा उचलला.

वाढणारी थांबली. समोरची बाई हातात वाटी घेऊन तशीच उभी राहिली. मी लेकीचा हात धरायला गेले.

पाहुणीनं ताटाकडं बघितलं, लेकीकडं बघितलं. "घे बाई घे, तुला दात हाईत," ती म्हणाली. "मी मघापासनं त्या तुकड्याला नमस्कारच करालोय." आणि वाढणारीकडं वळली, "बगतीस काय? दोगींच्या ताटात बी वाढ. तिला कडक, मला मऊ."

पंगत हसली. त्या बाईला मी पुन्हा भेटले नाही. तिच्या गावाकडं जाणारी एसटी दिसली की तिची आठवण होते. ती त्या वेळी आक्रसली असती, ताट बाजूला सरकवलं असतं, तर समोरचीनं पुन्हा कधी पंगतीचं नाव काढलं नसतं, आणि मीही नेली नसती.

त्या दिवसापासनं गल्ली देवमाणसांची झाली असं काही नाही. एका घरची सून अजून लेकीला बघून पोरांना आत ओढते. डेअरीवर एकानं विचारलं, "आक्का, हिची लाळ गळती, दुदात पडंल की." मी म्हटलं, तुझ्या दुधात पाणी पडतं ते मी कधी बोलले का? पण लसूण सोलायला बसलेल्या बायकांचं तसं राहिलं नाही. त्या तिला हाक मारायला लागल्या. ती म्हातारी दुपारी येऊन कट्ट्यावर बसायची आणि कसल्याही साली, भुशी तिच्यासमोर टाकायची. लेक संध्याकाळी माझ्याबरोबर डेअरीवर यायला लागली. काम काही करत नाही. उभी राहते. पण ती दिसली नाही की आता लोक विचारतात.

मग एकदा समोरची आली आणि उंबऱ्यातच म्हणाली, "तुझ्या ऑपरेशनचं काय?"

"काय न्हाय."

"काय न्हाय म्हणजे? मरतीस व्हय फडकं बांधून? दाव मला तिची अंगोळ कशी घालायची."

तिनं पदर खोचला. पहिल्या दिवशी लेकीनं तिला असा धक्का दिला की बादली उलटी झाली. मी मध्ये पडायला गेले तर मला म्हणाली, "तू भाईर जा." दाराआडून मी ऐकलं. "गप बस की गं! किती नाटकं! मला बी गुडघं हाईत!" अशी खणखणीत ओरडली की गल्लीनं ऐकलं असेल. आणि लेक गप्प बसली. तिच्यावर कुणी असं ओरडलंच नव्हतं. लोक तिच्याशी देवळात बोलल्यासारखं हळू बोलायचे, आणि मीही जरा तसंच. माणसासारखी शिवी तिला पहिल्यांदा मिळाली. समोरचीनं तिला आपल्या पद्धतीनं न्हाणीत उतरवली, काखेत हात न घालता, पायरीवर बसवून, एकेक पाय खाली सोडून. इतकी वर्षं मी उगाच उचलत होते.

संस्थेची मुलगी आठ-दहा दिवस नुसती बघत होती. कोण सकाळी येणार, रात्री सोबतीला कोण, पाळी आली तर कुणाला सांगायचं, हे तिनं बायकांना एकत्र बसवून बोलून घेतलं. हुकूम केला नाही. ज्या बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या त्यांना तिनं एका दिवशी ठेवलं नाही. गिरणीत बसून ती काय बघत होती ते मला तेव्हा कळलं.

पुतण्याला फोन केला, "आश्रमाला नको म्हणून सांग. तू मला दवाखान्यात ने आणि आण, तेवढं कर." तो म्हणाला, "काकू, जमंल का पण?" मी म्हटलं, न जमायला काय झालं, बायका आहेत.

ऑपरेशन झालं. दवाखान्यात पहिल्यांदा मी रिकामी पडून होते. हात नुसते पोटावर. काळजी वाटायची, पण फोन केला की समोरची म्हणायची, "आक्का, सारखा फोन करू नगंस, म्हस पिळायची राहिलीया माझी. जेवली, झोपली. तू लई लाड करून ठेवलाईस हिचा, एवढं मातूर खरं." एका रात्री लेक रडली, हेही तिनं लपवलं नाही. म्हातारी तिच्याजवळ जाऊन झोपली होती.

घरी आले ती पुतण्याच्या गाडीतनं. सगळा रस्ता माझ्या मनात एकच होतं, मला बघून ती धावत येईल, अंगावर पडेल, टाके उसवतील. म्हणून पुतण्याला मी पुढं उभं राहायला सांगितलं होतं. गाडी थांबली तेव्हा लेक समोरच्या कट्ट्यावर बसली होती. वेणी घट्ट घातलेली, लाल रिबीन, जी मी कधी घातली नव्हती. पुढ्यात शेंगा. म्हातारी फोडत होती आणि ही टरफलं उडवत होती.

तिनं मला बघितलं. "आय," म्हणाली. आणि पुन्हा टरफलात फुंकर मारली.

समोरची दारातनं म्हणाली, "अगं, आय आली न्हवं तुझी! जा की घरला."

"नको," लेक म्हणाली.

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मला काय वाटेल याची त्यांना काळजी. समोरची घाईघाईनं म्हणाली, "आता सवय झालीया हितली, येईल घटकाभरानं."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठं काहीतरी अंगातनं उतरलं. ज्या दिवसाची मला एवढी भीती होती, तो दिवस कसा असेल ते मी जिवंतपणी डोळ्यांनी बघत होते. मी नव्हते आणि ती जेवली होती, न्हाली होती, हसत होती. हे बघायला सगळ्याच आया राहत नाहीत.

संस्थेच्या मुलीला नंतर बिद्रीकडं दुसरी गावं दिली. तिला मी कधी धड चहासुद्धा विचारला नव्हता. समोरचीचे आभार मानले तर ती शिव्या घालेल, म्हणून तिलाही काही बोलले नाही. इथं लिहिते ते दोघींसाठी आणि त्या कुरुंदवाडच्या बाईसाठी.

पुतण्या म्हणाला, "काकू, चल आत, पडून ऱ्हा." मी आत जाऊन खाटेवर पडले. दार उघडंच ठेवायला सांगितलं. समोरून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता, मध्येच कुणीतरी लेकीवर खेकसत होतं. ऐकता ऐकता मला झोप लागली, भर दिवसा.